हमीभाव बघून पेरा ठरवताय? मग आधी एवढं तपासा

हमीभाव जाहीर झाला की गावातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो तक्ता फिरायला लागतो, मागच्या वर्षी इतका होता, यंदा इतका झाला, वाढ इतकी, आणि त्याच्याखाली लगेच "यंदा तुरीला जोर दिसतोय" नाहीतर "मका करा मका" सुरू होतं. आणि लोक खरंच त्यावर पेरतात. यात चूक काही नाही, पेरताना हातात दुसरं असतं तरी काय, चार-पाच महिन्यांनी काय भाव मिळेल हे कुणीच सांगत नाही, एकटं सरकार एक आकडा सांगतं. पण त्या आकड्यामागे खरेदी उभी आहे का, आणि ती तुमच्या तालुक्यात, तुमच्या पिकाची, तुमचा माल निघतो त्या दिवसांत होते का, हे तपासल्याशिवाय त्यावर एकरभर सुद्धा पेरा हलवू नका. ते कसं तपासायचं तेवढंच इथे लिहितोय. सगळं मराठवाडा-विदर्भाच्या कोरडवाहू शेतीला धरून आहे, म्हणजे सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा आणि आता मका.

आकडा कधी येतो आणि त्यात काय धरलेलं असतं

केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो आणि केंद्राचं मंत्रिमंडळ मंजुरी देतं. 22 पिकांना हमीभाव आहे, उसाचं एफआरपी म्हणून (कारखान्याने द्यायचा किमान भाव) वेगळं आहे. रब्बीचे भाव साधारण ऑक्टोबरात येतात, खरिपाचे मे-अखेर ते जून. 2025 मध्ये 28 मे ला आले, बरं झालं, पण 2024 मध्ये 19 जून उजाडला होता आणि तोवर आपल्याकडे कित्येकांचं बियाणं घरात येऊन पडलं होतं, काहींची पेरणीही उरकली होती. म्हणून आपला हिशोब मे महिन्यातच मांडून ठेवायचा, मागच्या वर्षीचा हमीभाव धरून, आणि नवीन आकडा आला की फक्त तेवढा बदलायचा.

2025-26 च्या खरिपाला सोयाबीन 5,328, तूर 8,000, मध्यम धाग्याचा कापूस 7,710, लांब धाग्याचा 8,110, मका 2,400, उडीद 7,800, मूग 8,768, संकरित ज्वारी 3,699, हे सगळं क्विंटलला. 2018 च्या बजेटपासून "खर्चाच्या दीडपट" असं सांगितलं जातं, पण तो खर्च कुठला हे समजून घ्या. त्यात धरतात शेतकऱ्याने खिशातून केलेला खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि गुंतवलेल्या भांडवलावरचं व्याज त्यात नसतं. स्वामीनाथन आयोगाच्या नावाने जी मागणी होते ती हे सगळं धरलेल्या खर्चावर पन्नास टक्के द्या अशी आहे, आणि दोन्ही हिशोबांत बराच फरक पडतो.

आता सोयाबीनचं बघा. 5,328 चा दीडपट हिशोब उलटा केला की खर्च निघतो 3,552 रुपये क्विंटल. हा सगळ्या राज्यांचा मिळून सरासरी खर्च आहे, तुमच्या रानाचा नाही. तुमचा खर्च एकरावर होतो आणि भाव क्विंटलवर मिळतो, म्हणजे मधे उतारा आला. समजा नांगरट-पाळीपासून बियाणं, खत, तणनाशक, दोन-तीन फवारण्या, काढणीचं गुत्तं आणि मळणी धरून एकरी 22,000 गेले. 8 क्विंटल पिकलं तर क्विंटलला खर्च 2,750. 6 पिकलं तर 3,667. आणि पावसाने खाडा दिला, पिवळा मोझॅक रोग आला आणि 4 वर आलं तर 5,500, म्हणजे पूर्ण हमीभाव मिळूनही घाटा. म्हणून पहिलं काम हेच की वहीत मागच्या तीन-चार वर्षांचा स्वतःचा उतारा लिहा, त्यातला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट दोन्ही. लोक सांगताना चांगलं वर्षच सांगतात. हिशोबाला मधलं आणि वाईट अशी दोनच धरा.

खरेदी आहे का, हे सगळ्यात मोठं

हमीभावाने पेरा बदलतो म्हणजे किती बदलतो हे बघायचं तर पंजाबकडे बघा. 1970-71 ला तिथे भात चार लाख हेक्टरच्या आत होता, आज तीस लाखांच्या वर आहे. पंजाबची माणसं काही भात खाणारी नाहीत, पाऊसही भाताजोगा नाही, जमिनीतलं पाणी इतकं खाली गेलं की 2009 मध्ये भाताची लावणी अमुक तारखेच्या आधी करू नका असा कायदा करावा लागला. तरी भात का? कारण बाजारात ट्रॉली नेली की सरकार घेतं, दरवर्षी घेतं, आलेला सगळा घेतं. त्याच पंजाबात मक्याला, मुगाला सुद्धा हमीभाव आहे की, पण त्याच्यामागे तशी खरेदी नाही म्हणून तिकडे पेरा वळत नाही. शेतकरी आकड्याला भुलत नाही, तो काट्यावर कोण उभं आहे ते बघतो.

आपल्याकडे पिकागणिक परिस्थिती वेगळी आहे आणि ती पेरायच्या आधीच माहीत पाहिजे.

कापसाला सीसीआय, म्हणजे केंद्राचं कापूस महामंडळ आहे. बाजार हमीभावाच्या खाली गेला की ते उतरतात, 2024-25 च्या हंगामात त्यांनी देशभरात सुमारे 100 लाख गाठींचा कापूस घेतला. म्हणजे कापसाचा हमीभाव बऱ्यापैकी भक्कम धरायला हरकत नाही, अट एकच की ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 8 ते 12 मध्ये कपात आणि 12 च्या वर घेतच नाहीत. आणि तरीही लोक कापूस कमी करतायत, कारण वेचणीला माणूस मिळत नाही आणि बोंडअळीने फवारणीचा खर्च वाढवलाय. हमीभाव कितीही वाढला तरी वेचणीची मजुरी त्याच्यापुढे पळत असेल तर पेरा कमीच होणार, हे लक्षात असू द्या.

भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे धानाची खरेदी पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ करतं, वर राज्य सरकार बोनस देतं, मागे हेक्टरी 20,000 दोन हेक्टरपर्यंत दिला होता. तो क्विंटलवर नाही, हेक्टरवर होता, म्हणजे कमी उताऱ्याच्या रानालाही धान सोडू नये असं वाटायला लावणारा. तिकडची गणितं वेगळी, त्यात जात नाही.

उसाचं तर कायद्याने बांधलेलं आहे. 2025-26 ला 10.25 टक्के साखर उताऱ्याला 355 रुपये क्विंटल एफआरपी, ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असं 1966 च्या आदेशात लिहिलंय, उशीर झाला तर व्याज. कारखाने थकवतात, आंदोलनं होतात, तोडणी-वाहतूक वजा होते, सगळं खरं. पण घेणारा ठरलेला आहे आणि भाव पेरायच्या आधी माहीत आहे. दुष्काळी तालुक्यातला माणूस सुद्धा विहिरीला पाणी दिसलं की उसाकडे का वळतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे. त्याला पाण्याची उधळपट्टी करतो म्हणून बोल लावायच्या आधी त्याला दुसऱ्या कुठल्या पिकाला अशी हमी दिली आहे ते सांगा.

आता आपलं दुखणं, सोयाबीन, तूर, हरभरा. यांची खरेदी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांच्या वतीने होते, गावपातळीवर खरेदी-विक्री संघ किंवा शेतकरी कंपनीचं केंद्र असतं. मूळ नियमाने राज्याच्या उत्पादनाच्या 25 टक्क्यांपर्यंतच खरेदी होते. तूर, उडीद, मसूर या तीन डाळींना ही मर्यादा केंद्राने आता उठवली आहे, म्हणून कागदावर तरी तूर सोयाबीनपेक्षा सुरक्षित. सोयाबीनचं 2024 मध्ये काय झालं ते आठवा, हमीभाव 4,892 आणि दिवाळीच्या आसपास बाजारात चार हजार-सव्वाचार हजार, खरेदी सुरू झाली पण ओलाव्याची अट 12 टक्के आणि माल 14-15 चा, मग नोव्हेंबरात अट 15 पर्यंत सैल केली, मधे बारदाना संपला, मुदतवाढी झाल्या. शेवटी राज्यात साधारण 11 लाख टन घेतलं गेलं, ही मोठीच खरेदी होती, पण ज्याला दिवाळीला पैसे पाहिजे होते त्याने तोवर खेड्यावरच्या व्यापाऱ्याला कधीच घालून टाकलं होतं. 2015 च्या शांताकुमार समितीने देशभरातले जेमतेम 6 टक्के शेतकरी सरकारी खरेदीत विकतात असं म्हटलं होतं. उरलेल्यांच्या पेऱ्यावर हमीभावाचा परिणाम होतो, खिशावर होत नाही.

म्हणून तपासायचं कसं? तालुक्याच्या संघात किंवा ज्या कंपनीचं केंद्र असतं तिथे मे महिन्यात जाऊन सरळ विचारा, तेव्हा गर्दी नसते आणि लोक नीट बोलतात. मागच्या हंगामात नोंदणी कधी सुरू झाली, पहिला काटा कधी झाला, बंद कधी झाला, हेक्टरी किती क्विंटल घेतले (ही मर्यादा जिल्ह्यागणिक वेगळी असते), चुकारा (मालाचे पैसे) किती दिवसांनी खात्यावर आला. आणि तिथल्या माणसापेक्षा जास्त खरं गावातला तो शेतकरी सांगेल ज्याने मागच्या वर्षी तिथे घातलंय, असे दोघं-तिघं शोधा. नोंदणी केलेल्यांपैकी किती जणांना माल आणा असा मेसेज आलाच नाही हे आवर्जून विचारा.

बाजारभाव कसा बघायचा

"सोयाबीन 5,000 ला गेलं" असं जे फिरतं तो बहुतेक वेळा एखाद्या बाजारातल्या चार-दोन कट्ट्यांचा (पोत्यांचा) कमाल भाव असतो. आपल्याला पाहिजे सर्वसाधारण दर. पणन मंडळाच्या साइटवर किंवा केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेट साइटवर आपल्या बाजार समितीचे जुने दर मिळतात, लातूर, वाशिम, अकोला, हिंगणघाट, जी जवळची असेल ती. तिथे तुमचा माल निघतो त्याच आठवड्यांचे दर काढा, सोयाबीनला 15 ऑक्टोबर ते नोव्हेंबर-अखेर, तुरीला जानेवारी-फेब्रुवारी, हरभऱ्याला मार्च. तीन वर्षांचे. शेजारी त्या त्या वर्षीचा हमीभाव लिहा. किती वर्षं बाजार हमीभावाच्या खाली होता आणि किती खाली, हे समोर दिसेल.

मग हिशोबाला असा मिश्र भाव धरा. समजा तुमचा अंदाजे माल 40 क्विंटल, आणि चौकशीवरून वाटतंय की केंद्रावर 25 क्विंटल जाईल. 25 क्विंटल 5,328 ने 1,33,200, उरलेले 15 क्विंटल बाजारात 4,200 ने 63,000, एकूण 1,96,200, म्हणजे सरासरी 4,905. आणि नंबरच लागला नाही तर 40 क्विंटलचे 1,68,000. पेरा या दोन आकड्यांवर ठरवा. 5,328 हा तुमच्या वहीत कुठेच पूर्ण मालाला लागत नाही.

बरं, पीक-पीक तुलना क्विंटलच्या भावाने करू नका, ही चूक फार होते. तुरीचे 8,000 बघून सोयाबीनचे 5,328 फिके वाटतात, पण तूर रानात सहा महिने उभी राहते आणि त्या रानात हरभरा होत नाही, सोयाबीन ऑक्टोबरात निघालं की हरभरा येतो (2026 च्या हंगामाला हरभऱ्याचा हमीभाव 5,875). म्हणजे तुलना सोयाबीन अधिक हरभरा विरुद्ध एकटी तूर अशी, एकराला आणि वर्षाला करायची. ज्याच्याकडे रब्बीला एक-दोन पाणी आहे त्याचं उत्तर वेगळं, ज्याच्याकडे नाही त्याचं वेगळं. पाणी नसेल तर सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक हे आपल्या बापजाद्यांनी काढलेलं उत्तर आजही हिशोबात बसतं, एकाचा भाव गेला तर दुसरं सावरतं, तेही हमीभावावर सगळं न टाकता.

दुसरीकडून येणारे धक्के

एका हाताने हमीभाव वाढवायचा आणि दुसऱ्या हाताने आयात मोकळी करायची, हे दरवर्षी होतं आणि याचा राग यायलाच पाहिजे. कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 2025 मध्ये ऑगस्टमध्ये काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत म्हणाले मग डिसेंबर-अखेरपर्यंत वाढवलं, नेमकी आपली वेचणी सुरू व्हायची वेळ. तुरीची आयात शुल्काशिवाय चालू ठेवली. पिवळा वाटाणा डिसेंबर 2023 पासून शुल्काशिवाय येत राहिला, त्याने हरभऱ्याचं बेसन आणि डाळ दोन्हीवर दाब आला, शेवटी नोव्हेंबर 2025 पासून 30 टक्के शुल्क लावलं. खाद्यतेलावर सप्टेंबर 2024 ला शुल्क वाढवलं तेव्हा सोयाबीनवाल्यांना बरं वाटलं, मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं परत कमी केलं.

हे सगळं रोज वाचायची गरज नाही. पेरायच्या आधी आपल्या पिकाला लागून असलेली आयात चालू आहे की बंद आणि तिची मुदत कधी संपते एवढं बघा. मुदत तुमची सुगी उलटल्यानंतर संपत असेल तर बाजार हमीभावाच्या वर जाईल ही आशा हिशोबात धरू नका.

मक्याचं यात खास सांगतो, कारण दोन वर्षांत सगळ्यात जास्त पेरा त्याच्याकडे वळलाय. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली, इथेनॉलवाल्यांना मका लागायला लागला, भाव वाढले, हमीभावही वाढत गेला, एकरी उतारा सोयाबीनच्या तिप्पट-चौपट. लोकांनी सोयाबीन, कापूस मोडून मका केला. पण मक्यापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडी-जनावरांच्या खाद्यात सोयापेंडीच्या जागी स्वस्तात जायला लागला, म्हणजे मका वाढला तसा सोयाबीनच्या भावाचा पाय ओढला गेला, आणि सोयाबीन पडलं म्हणून अजून लोक मक्याकडे गेले. 2025 चा खरीप निघाला तेव्हा हमीभाव 2,400 आणि बऱ्याच बाजारांत मका 2,000 च्या खाली. सरकारचा एक निर्णय एका पिकाला उचलतो तेव्हा शेजारच्या पिकाला काय करतो हे कुठल्याच तक्त्यात नसतं.

सगळेच पेरतायत का?

तुरीची 2016-17 ची गोष्ट ज्यांनी सोसली त्यांना सांगायला नको. 2015 ला तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली, देशात ओरड झाली, सरकारने शेतकऱ्याला तूर पेरा म्हणून हाक दिली, हमीभाव 4,625 आणि वर 425 बोनस धरून 5,050 केला. पाऊसही चांगला झाला. शेतकऱ्याने ऐकलं. देशाचं तुरीचं उत्पादन 25-26 लाख टनांवरून एका वर्षात 48 लाखांच्या वर गेलं, म्हणजे जवळपास दुप्पट. आणि मग बाजार चार हजारांच्याही खाली, केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना नाही, गोदाम नाही, एप्रिलमध्ये खरेदी थांबली तेव्हा लोक तुरीच्या कट्ट्यांवर झोपून होते. आयातीला लगाम लागला ऑगस्ट 2017 ला, निर्यात मोकळी झाली सप्टेंबरमध्ये, तोवर माल शेतकऱ्याच्या हातातून गेला होता.

यातून काढायचा अर्थ असा की ज्या वर्षी मागचा भाव चढा आणि हमीभावातली वाढही मोठी असे दोन्ही इशारे एकत्र येतात, ते वर्ष सगळ्यात धोक्याचं. भाव पडलेला असताना हमीभाव वाढला तर गर्दी कमी होते आणि खरेदी झाली तर तुमचा नंबर लागतो. गर्दीचा अंदाज कसा घ्यायचा? कृषी सेवा केंद्रावर मेच्या शेवटी कुठलं बियाणं उचललं जातंय ते विचारा, दुकानदाराला तालुक्याचा पेरा तलाठ्याच्या आधी कळतो. तुरीचं बियाणं ब्लॅकने विकायला लागलं की समजून जा.

आणि या गडबडीत शेजारी पेरतो म्हणून सगळं रान एका पिकाखाली आणू नका. हमीभावाकडे बघून बदल करायचाच असेल तर चौथा हिस्सा रान हलवा. पीक नवीन असेल तर अजून कमी, कारण भाव चुकला तर एक हंगाम जातो पण पिकाची माहिती नसली तर उताराही जातो.

पेरल्याबरोबर करायची कामं

केंद्रावर माल जाईल की नाही हे अर्धं ऑगस्टमध्येच ठरतं. ई-पीक पाहणी केली नाही तर सातबाऱ्यावर पीक चढत नाही आणि पीक नसेल तर नोंदणी होत नाही. खरिपाची पाहणी साधारण ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत स्वतःच्या मोबाईलवरून करता येते. आंतरपीक असेल तर दोन्ही पिकं आणि त्यांचं क्षेत्र नीट टाका, फक्त सोयाबीन टाकलं की फेब्रुवारीत तूर नेताना अडकता. आधार, बँक खातं एकमेकांना जोडलेलं आहे का, नावातलं एखादं अक्षर वेगळं आहे का, हेही तेव्हाच बघा. ज्यांच्या घरात जमीन सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर आणि कसते एकटी बाई, किंवा जे बटईने करतात, त्यांची इथे फार कुचंबणा होते, माल त्यांचा आणि नोंदणी दुसऱ्याच्या नावावर, चुकाराही त्याच्याच खात्यावर. बटईचा करार करतानाच, पेरायच्या आधी, हमीभावाने विक्री झाली तर पैसे कसे वाटायचे हे चार माणसांसमोर ठरवून घ्या, शक्य असेल तर लिहून.

नंतर ओलावा. केंद्रावर काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघून या. ट्रॉली लागते, ग्रेडर कट्ट्यात परखी (नमुना काढायची टोकदार नळी) खुपसतो, मूठभर दाणे ओलावा मोजायच्या मशीनमध्ये टाकतो, वरच्या कट्ट्याचा आकडा येतो 11.8 आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात, मग तो मुद्दाम तळाच्या, ट्रॉलीच्या पत्र्याला टेकलेल्या कट्ट्यात परखी घालतो आणि येतो 13.6. झालं. ट्रॉली बाजूला घ्या, ताडपत्री अंथरा, वाळवा, परत रांगेत या. भाडं चालूच. म्हणून माल भरायच्या आधी दोन-तीन वेगवेगळ्या कट्ट्यांतले, तळाच्या कट्ट्यातले सुद्धा, मूठ-मूठ दाणे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाजारातल्या ओळखीच्या अडत्याकडून मोजून घ्या, तो दोन मिनिटांत करून देतो. चाळणीही घरीच मारा, माती-काडी दोन टक्क्यांच्या वर असली की माल परत येतो.

वाळवल्याने वजन घटतं म्हणून लोक ओला माल देऊन टाकतात, त्याचा हिशोब एकदा बघाच. 15 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल 12 वर आणला तर साधारण 96 किलो 600 ग्रॅम राहतो, म्हणजे घट साडेतीन किलोच्या आतच. ओला 4,200 ने दिला तर 4,200 मिळाले. वाळवून 5,328 ने गेला तर त्याच मालाचे 5,147 होतात. साडेनऊशे रुपयांचा फरक आहे क्विंटलला, दोन दिवसांच्या उन्हाचा. सप्टेंबर 2025 सारखा पाऊस झाला, धाराशिव, बीड, लातूरकडे उभी पिकं पाण्यात गेली, तसं झालं तर मात्र हे सगळं बाजूला, डागी माल केंद्रावर चालतच नाही आणि हमीभाव त्याला लागत नाही, तिथे विमा आणि पंचनामा हाच रस्ता.

हातात पैसा नसेल तर

खरं कारण हेच असतं, थांबता येत नाही. दिवाळी, मुलांची फी, दुकानदाराची उधारी, आणि रब्बीचं बियाणं, सगळं एकदम येतं. पेरतानाच मनात ठेवा की मालातला काही हिस्सा, समजा एक तृतीयांश, निघाल्या निघाल्या बाजारात विकायचाच आहे, त्या हिश्श्याला बाजारभाव धरा आणि मिश्र हिशोबात तसंच लिहा. उरलेल्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समितीत चालते का ते विचारा, गोदामात माल ठेवला की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांपर्यंत, 6 टक्के व्याजाने. सगळ्या समित्या ती चालवत नाहीत आणि चालवतात तिथे जागा लवकर भरते. सोयाबीन काढायच्या आधी, सप्टेंबरमध्येच जाऊन बोलून ठेवा, कुठली कागदपत्रं लागतात, कट्टे कसले पाहिजेत, विमा कोण करतं, गोदामाचं भाडं किती, सगळं. माल ट्रॉलीत भरून मग विचारायला गेलात तर जागा भरलेली असते आणि ट्रॉली सरळ अडत्याच्या दारात जाते.